क्रुसाच्या ओट्यावरचं मेण

परत सांगू? लग्न असो, बारसं असो, मयताचं जेवण असो, मला मधोमध बसवायचं आणि म्हणायचं, इनासकाका, ते पडण्याचं सांगा... अरे बाबांनो, माझी कंबर काय तुमच्या करमणुकीला सुजली होती? पण सांगतो, नाहीतर तो बर्नार्ड सांगेल, आणि तो सांगणार की म्हातारा प्यालेला होता. तुम्हाला सांगतो, थेंब घेतला नव्हता.

आमच्या आळीचा क्रूस तुम्ही बघितलाय, निर्मळच्या बाजूला, केळीच्या वाडीला लागून. मे महिनाभर संध्याकाळी सगळी आळी तिथे लदीन म्हणायला जमते, आणि पुढे उभं राहून ती प्रार्थना सांगणारा मी; शाळा दुसरीपर्यंत, पण लदीन सगळी तोंडपाठ. तर त्या वर्षी हा बर्नार्ड कुवेतहून आला, बंगला बांधला आणि बाथरूमच्या उरलेल्या टाईल्स क्रुसाच्या ओट्याला लावून मोकळा. गुलाबी! देवाच्या पायाशी न्हाणीघर. बरं, लावल्या तर लावल्या, आमच्या हिने काय करावं? घरातला लाल कोबा आम्ही मेणाने घासतो ना, तसाच हिने तो ओटा घासला. वर्षभराची मेणबत्त्यांची थोटकं वितळवली, त्यात रॉकेल घातलं आणि दुपारभर बसून घासते आहे, घासते आहे... ओट्यात तोंड दिसायला लागलं. मला सांगितलं? नाव नको.

संध्याकाळी लदीन संपली, मी उकडलेल्या चण्यांचा टोप उचलला, वाटायला वळलो, आणि पाय जो निघाला तो थेट शेजारच्या सेबेस्टियनच्या विहिरीकडे. मी इकडे, चणे तिकडे, कोंबड्या धावल्या, पोरं धावली, सगळी चण्यांकडे, मला उचलायला कोण? सेबेस्टियन शांतपणे म्हणतो, "आज जरा जास्त झाली वाटतं." मग ही आली, मला वाटलं हात देईल, तर खाली वाकून माझं तोंड हुंगलं आणि सगळ्या आळीला निकाल ऐकवला, "वास नाही येत. दुपारची असेल."

अहो, थेंब घेतला नव्हता!

झालं, लदीन बर्नार्डकडे गेली. तो पुस्तकात बोट ठेवून वाचणार, एक ओळ दोनदा, दुसरी गाळून, बायका जांभया देणार, आणि मी खाटेवर कमरेला विटेचा शेक घेत माझ्या प्रार्थनेचे हाल ऐकणार. सुनेला म्हटलं, बाई, तू तरी जाऊन तिथे बोट फिरवून बघ, मेण आहे. "हो पप्पा, झोपा आता." आणि ओट्यावर काय, तर चमक जाऊ नये म्हणून गोणपाट टाकलेलं, मग दुसरा कोण पडणार?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी फादर आले, नव्या ओट्याला आशीर्वाद द्यायला. गोणपाट काढलं, आणि हिने फादरसाठी म्हणून मेणाचा आणखी एक हात मारलेला. पांढरा झगा, हातात पवित्र पाणी, फादर एक पायरी चढले, दुसरी चढले... आणि झग्यासकट बर्नार्डच्या मांडीत. मी लंगडत आलो होतो, हिच्या शेजारी उभा राहिलो आणि हळूच म्हटलं, "जा ना, हुंग."

दुसऱ्या दिवशी सेबेस्टियन केळ्यांचा घड घेऊन माफी मागायला आला. बर्नार्ड कुवेतहून येताना विमानतळावर घेतलेली बाटली घेऊन आला. ती घेतली, तेव्हा मात्र घेतली. पुढच्या मेची लदीन परत माझ्याकडे आली. आणि ही? चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, "फादर मेणावरून पडले. तुमचं काही सांगता येत नाही."

आता भाकरी तिच्याच हातची खायची, म्हणून मी गप्प बसतो. पण अख्ख्या आळीत माझी माफी मागायची राहिलेली एकच बाई आहे, आमची ही, क्लेमेंटीन.