पिसवांचा पांजरापोळ

नाही नाही, बसा न मामाजी, रिसोडची गाडी याले टाइम आहे अजून. चहा घ्या, निवून राह्यला. इलायची टाकली आहे आईनं, खास तुमच्यासाठी. काय इचारलं तुमी — पोरगा वागणुकीनं कसा? डॉक्टर इंगळे? हे पाहा, मी काही बोलणारा माणूस नाही. सातवीत शाळा सुटली, तवापासून बाबूजींच्या या किराणा दुकानात बसतो, गिऱ्हाइकाले भाव सांगतानाही मले घाम फुटते. पण तुमच्या भाचीच्या जन्माचा प्रश्न आहे, म्हणून सांगतो. भाडेकरू नाही, देवमाणूस आहे तो. त्यायले माय नाही, तं आमच्या आईनं जाहीरच करून टाकलं — लग्न जमलं की वरमाय मी. लुगडंबी काढून ठेवलं. तवा हे स्थळ मोडू नका, आई जेवणार नाही.

व्यसन? सुपारीही नाही. बायांचं? अहो, बायांकडं पाहातच नाहीत. सगळं ध्यान कुत्र्यावर. म्हणजे — कुत्र्याच्या कानावर. गोचीड असतात न तिथं! गोचिडाच्या, पिसवांच्या पोटात तापाचे जंतू राह्यतात, ते माणसात कसे येतात याचा अभ्यास करून राह्यले ते, किती वर्षांपासून. जगात नाव होईल म्हणे. पहिल्यांदा त्यायची जीप आली तं अर्धं शिरपूर वावरात पळालं — नसबंदीवाले आले म्हणून. कोणीतरी ओरडलं, थांबा, हे ते नाहीत! लोक थांबले, अन् डॉक्टर खाली उतरले तं हातात चिमटा. मंग जे पळाले लोक, ते दिवे लागल्यावरच घरी आले.

आता तसं नाही. आता मान आहे. काहून? तर पाहा, आमच्या जैनांत जीव मारत नाहीत. पिसू सापडली तं फडक्यात धरून बाहेर नेऊन सोडाची. ते कुत्र्यावर बसते, कुत्रं पुन्हा ओसरीत. जनमभर हेच. अन् एक दिवस आईनं पाह्यलं — डॉक्टर दंडावर डबी उलटी धरून बसले आहेत, डबीले बारीक जाळी, अन् आतल्या पिसवा जेवून राह्यल्या! स्वतःचं रक्त, मामाजी! अन् हे पुस्तक वाचत बसले, जसं काही झालंच नाही. आईच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणे, लोक गाईचा पांजरापोळ काढतात, यानं पिसवांचा काढला. तवापासून भाडं बंद. अन् साऱ्या गल्लीतल्या बाया सापडेल ते पिसू, गोचीड काडीपेटीत घालून त्यायलेच आणून देतात. पर्युषणात तं लाइन लागली होती. अंगुरीकाकीनं आपल्या म्हशीचे गोचीड आणले, अन् जाताना त्या पेटीले हात जोडले.

दंडावर डाग आहेत थोडे, ते खोटं कायले सांगू. पण कोटात दिसणार नाहीत, लग्नाचा फोटू कोटातच काढतात.

काय म्हणता? इतके जीव मावतात कुठं? — हो, मीही पाह्यलं, डब्या रिकाम्याच असतात. रानात सोडत असतील. अन् पोटातला जंतू पाहातात कसा? अहो, दुर्बीण आहे न टेबलावर. त्यातून — आता पोटाच्या आत म्हटल्यावर बाहेरून कसा — ते मी कधी... नाही नाही, चिरत नाहीत हो! एवढासा जीव, चिरणार कुठं? सुरी नाही त्या खोलीत. मागं त्यायचा चिनीमातीचा खल फुटला, तं आमच्या आईचा पितळी खल मागून नेला, तेवढंच. कायले म्हणजे? औषध कुटाले — पण औषध तं ते कोणाले देतच नाहीत...

थांबा जरा.

वापस देला तवा उकळत्या पाण्यानं धुतलेला होता. लखलखीत. आई किती खूश — पाणी उकळून वापरते पोरगा, अगदी आपल्यातला! तवापासून आई त्याच खलात कुटते... चहाची इलायची.

मामाजी, ठेवा तो कप खाली.

संपवला?

हळू, हळू बोला, वरमाय आतच बसली आहे. जा तुमी. गाडी आली.