ताईंना कापायला जागा नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती ताई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सासूबाई, आणि खुर्ची न मिळूनही न कंटाळलेल्या रसिकहो!

मी चित्रपटांचा संकलक. म्हणजे ताईंना आयुष्यभर कापत आलेला माणूस. त्यांच्या सत्काराला मलाच माइक दिलात, आयोजकांच्या धाडसाचं कौतुक वाटतं.

ताईंचा पहिला चित्रपट लागला तेव्हा त्या मोठ्या हौसेने सासूबाईंना घेऊन गेल्या. पडद्यावर दिसलं फक्त कोपर! बाकी सगळं मी उडवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "कोपर मात्र छान आलंय हो."

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या खोलीत हजर. मला वाटलं, आता आपली काही धडगत नाही. पण त्या स्टूल ओढून बसल्या. "दादा, मला कुठून कापता ते दाखवा. पुढच्या वेळी सासूबाईंना माझा चेहरा दिसला पाहिजे." मी दाखवलं. नायकाचं बोलणं संपलं की मग त्या बोलायच्या; मधल्या फटीत कात्री बरोबर बसायची.

पुढच्या चित्रपटात काय केलं असेल त्यांनी? नायक बोलत असतानाच त्याच्या हातात कप दिला! निर्माते ओरडले, "त्या बाईंना काढा." म्हटलं, "काढतो साहेब, पण मग कप आकाशातून पडणार." पुढे कधी छत्री, कधी किल्ली, कधी औषधाची बाटली. अशा बत्तीस वर्षं टिकल्या. परीक्षणांत नाव नाही, पोस्टरवर तर नाहीच. याची मला लाज वाटते, आणि हे मी आज सगळ्यांसमोर सांगतो.

यंदा त्या प्रथमच नायिका झाल्या. शेवटच्या प्रसंगात टेबलापाशी एकट्या, चार मिनिटं. हातात काहीही नाही. निर्माते म्हणाले, "निम्मा करा." दोन दिवस झटलो. तिसऱ्या दिवशी ताई आल्या, त्याच स्टुलावर बसल्या. "दादा, कुठून कापताय?"

मी हात जोडले. "ताई, जागाच सापडत नाही."

प्रसंग चार मिनिटांचाच राहिला, आणि त्याच भूमिकेसाठी आज हा सर्वोत्तम अभिनेत्रीचा सन्मान!

पहिल्या खेळानंतर सासूबाईंनी सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, "आज अख्खी दिसलीस गं."

आयोजकांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर खुशाल कापून टाका. ताईंचं तेवढं राहू द्या.