पोटफोड्या ष आणि तीन देशांचे पोलीस

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "मंदाकाकू, तुम्ही घाबरला नाहीत?" अहो, घाबरायला वेळ कुठे होता? तुम्हाला सांगते, कुकर लावलेला, तेवढ्यात फोन. "मॅडम, हम पुलिस से बोल रहे हैं, आपके नाम का पार्सल पकड़ा गया है, आप डिजिटल अरेस्ट में हैं, ये बहुत बड़ा सडयंत्र है..." सडयंत्र! जन्मभर कोपरीच्या शाळेत हिंदी शिकवली मी, तोंडातून निघूनच गेलं, "पोटफोड्या ष कुठे गेला?" तर पलीकडून अगदी बारीक आवाजात, मराठीत, "काकू... मी सलिल."

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मालनचा सलिल हो, आवाज ओळखला त्याने माझा! कॉम्प्युटरवरची नोकरी म्हणून परदेशी गेलेला, कित्येक दिवस पत्ता नाही, मालनचं जेवणावरचं मन उडालेलं. "पासपोर्ट काढून घेतलाय, असे फोन केले नाहीत तर मारतात, आईला सांगा, खिडकीतून नदी दिसते, पलीकडे साखर कारखाना..." आणि कट. आता घाबरायला वेळ कुठे होता? मालनला रिक्षात घातलं आणि थेट सायबर पोलिसांकडे.

तिथे कल्पिता म्हणून अधिकारी, माझ्या मुलीच्या वयाची. मला वाटलं म्हणेल, परदेशातलं प्रकरण, आम्ही काय करणार... तर म्हणते, "काकू, चोर तीन देशांतून धंदा करतात, मग पोलिसांनी एकाच देशात बसून कसं चालेल?" झालं, आपला दूतावास, तिकडचे पोलीस, टोळीचा मालक बसलेला तो तिसराच देश, सगळे एका व्हिडिओ कॉलवर. छापा ठरला तेव्हा मालन एवढंच म्हणाली, "साहेब, दार जोरात वाजवू नका, पोरगं भित्रं आहे." ते कल्पिताने इंग्रजीत सांगितलं, दुभाष्याने त्यांच्या भाषेत, आणि तिकडच्या साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणजे भाषांतर बरं झालं असावं.

नदी आणि साखर कारखान्यावरून इमारत सापडली, छापा पडला, सलिलसकट किती देशांची पोरं बाहेर आली. त्यांना आरोपी नाही, साक्षीदार मानलं. मालकही त्या तिसऱ्या देशात पकडला गेला, सलिल इथे ठाणे शहरात बसून व्हिडिओवर साक्ष देतो, मालन पुन्हा दोन घास नीट जेवते... घाबरायला वेळ कुठे होता हो?

फक्त, सलिल सुटल्याचा फोटो पाठवायला त्या चष्मेवाल्या साहेबांनी माझा नंबर घेतलेला. तेव्हापासून रोज, त्यांच्याकडे उजाडलं की माझा फोन वाजतो, गुलाबाचं फूल आणि खाली त्यांच्या लिपीत काहीतरी. कल्पिताला विचारलं, "ब्लॉक करू का गं?" म्हणाली, "नको काकू, आंतरराष्ट्रीय सहकार्य आहे ते."

मग काय... मीही उठून रोज एक झेंडू पाठवते.