ब्राउनीचा स्वेटर

बोटीला उशीर होता. धक्क्यावरच्या खोलीत इंगा ताटकळत बसली होती. तिच्या मागच्या बाकावर विधवा मेरन आणि तिचा शेजारी एरलेंड बोलत होते, ते तिच्या कानावर पडत होतं.

"पिशवीत काय गं, मेरन?"

"स्वेटर. चर्चच्या विक्रीला देऊन टाकते."

"इतका छान? कुणासाठी विणला होतास?"

"आमच्या ब्राउनीसाठी."

"घरकाम करणारं ते बुटकं भूत? अजून आहे तुझ्याकडे?"

"आहे तर! आमचे हे गेल्यापासून रोज पहाटे दाराशी जळण रचून जातो. मी पायरीवर वाडगंभर साय ठेवते. पठ्ठ्या वाडगं धुऊन ठेवतो."

"मग दे की त्यालाच स्वेटर."

"वेडा का तू? ब्राउनीला कपडा दिला, की तो घर सोडून कायमचा निघून जातो. आजीनं शंभरदा सांगितलंय. म्हणून तर तीन हिवाळे स्वेटर पेटीत पडलाय, आणि तो आपला फाटक्या कोटात कुडकुडतोय. बघवत नाही रे."

"त्याला नकोच देऊस. मला दे."

"तुला कशाला?"

"मला थंडी वाजते. आणि मी काही ब्राउनी नाही."

"नक्की नाहीस ना?"

"आईशप्पथ."

"मग घाल बघू. हात वर कर. बाह्या कशा आहेत?"

"अगदी मापाच्या."

"असणारच."

"मेरन, उद्या साय ठेवशील ना?"

"ठेवीन. तुला रे काय करायचंय?"

"काही नाही. साखर जरा कमी पडते, असं तो म्हणत होता."