गुलाबी दुधाचं भांडण

हॅलो?… हॅलो… हां, ताई… हो, मीच बोलतेय. हळू बोलतेय म्हणून आवाज असा येतोय… नाही गं, घसा ठीक आहे. पिटू खोलीत आहे, तिला ऐकू जाईल… झोपली कसली! दार धाडकन आपटून आत जाऊन बसलीय.

हो, पिटूच. आमचीच पिटू… अगं, मला तरी कुठे खरं वाटतंय!

सांगते, ऐक ना… हो, गेलो होतो सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. दोन दाढा किडल्यात… दोन! सात वर्षांच्या पोरीच्या… नाही, रडली नाही. 'आ कर' म्हटलं, केला. दहा मिनिटं तशीच बसली. बाई म्हणाल्या, इतकी शहाणी मुलगी बघितली नाही. मला मात्र त्याचं कौतुक वाटेना… माझ्यासमोर ती कायमच शहाणी असते गं.

बाईंनी विचारलं, गोड काय खाते? मी म्हटलं, काहीच नाही हो. चॉकलेट नाही, गोळ्या नाहीत, दूध तेवढं आवडीने पिते. कुठलं दूध? म्हटलं, ते बाटलीतलं, गुलाबी. दिवसातून किती? म्हटलं, तीन बाटल्या… ताई, त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

हो… हो, मीपण तेच म्हटलं, दूधच आहे ना! मग त्यांनी मला बाटलीमागचं वाचायला लावलं. एका बाटलीत बावीस ग्रॅम साखर. त्यातली नऊ-दहा ग्रॅम दुधाची स्वतःचीच असते म्हणे, ती सोडून दे. उरलेली वरून घातलेली. तीन चमचे! आता तीन बाटल्यांचे किती झाले?… नऊ. बरोबर.

हस, हस तू. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते मी. खालची ओळ दिसते का, आता दिसते का… आणि लग्न होऊन आठ महिने झाले, रोज ती बाटली हातात घेऊन झाकण उघडून देतेय. एकदा मागची ओळ वाचली नाही.

नाही गं, विष नाहीये ते. त्यासुद्धा तसं म्हणाल्या नाहीत. दुधात जे चांगलं असतं ते त्यातही असतंच. कधीतरी प्यावं, जेवणाबरोबर प्यावं, नंतर चूळ भरावी, काही बिघडत नाही म्हणाल्या. पण तीन-तीन बाटल्या, त्याही तासभर घोट घोट करत… दात साखरेत बुडूनच बसतात ना मग.

तुझ्या मुलांचं वेगळं आहे, ताई. तुझी मुलं कधीमधी एखादी पितात आणि दिवसातून दहा वेळा तुझ्याशी भांडतात.

अगं, ते मुळात सुरू कसं झालं माहितीये ना… नाही? सांगितलं नव्हतं मी? तिची आई गेली तेव्हा ही चार वर्षांची. आठ दिवस धड काही खाईना. ह्यांनी सगळं करून बघितलं. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून ही गुलाबी बाटली आणली, तर घटाघटा प्यायली. परत मागितली… ह्यांना अजून ते आठवतं गं. म्हणतात, त्या बाटलीने माझी पोर जगवली. आता सांग, ती काढून घेणारी मी कोण?

हो… हो, तेच तर. पोटची असती तर डोळे वटारून मोकळी झाले असते. पण आठ महिन्यांत मी तिला एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. छातीच व्हायची नाही. आणि तीही कधी नाही म्हणायची नाही. भाजी आवडली का? 'चालेल.' वेणी घट्ट झाली का? 'चालेल.' स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी राहायची पोर. मला हाकसुद्धा मारायची नाही. शेजारी येऊन उभी राहायची, माझं लक्ष जाईपर्यंत…

हे? हे कुठल्यातरी लिफ्टच्या दुरुस्तीवर असतील, फोनच लागत नाहीये. म्हणून तर सगळं माझ्या गळ्यात आलं.

तर घरी आलो. मी सहाच्या सहा बाटल्या फ्रीजमधून काढल्या आणि कपाटावर ठेवून दिल्या, अगदी वर. साधं दूध कोमट करून पेल्यात ओतलं. म्हटलं, पिटू, आजपासून रोज साधं, गुलाबी फक्त रविवारी… ती पेल्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, चालेल.

आणि ताई, ओरडली! 'नाही चालणार!' केवढ्यांदा! पाय आपटले. 'मला नाही आवडत साधं! तू दुष्ट आहेस!'… अगं, नको चुकचुकू, पुढचं ऐक ना. म्हणते, 'तू तरी पितेस का दूध? तू कोराच चहा पितेस! कोणाकडे गेलो आणि दुधाचा चहा दिला की बाबांकडे सरकवतेस! साय बघितली की असं तोंड करतेस!' आणि करून दाखवलं तोंड. हुबेहूब मी!

हो ना… हो ना, ताई. मला वाटायचं ही माझ्याकडे बघतच नाही.

तिच्या बोलण्यात खोटं काय होतं? लहानपणी माझ्या पेल्यातलं दूध कोण प्यायचं?… तूच! आईची पाठ वळली की पेल्यांची अदलाबदल. आणि तुझी पांढरी मिशी मी फ्रॉकने पुसायची, पकडले जाऊ नये म्हणून… हो, तो पिवळा फ्रॉक.

नाही, बाटली नाही दिली. खरं सांगू? तिने दार आपटलं तशी मी स्टुलावर चढले होते काढायला. हात पोचला होता… मग उतरले खाली. का म्हणजे… ताई, ती रुसलीय गं. माझ्यावर रुसलीय. परक्यावर कोणी रुसतं का? आठ महिने मी वाट बघतेय, ही कधीतरी गळ्यात पडेल म्हणून. ते राहिलं बाजूला आणि हे आलं. मला इतकं बरं वाटतंय ना… सांगायलासुद्धा लाज वाटते.

थांब… थांब थांब. कडी वाजली. गप्प बस जरा.

…बाहेर आली. माझ्याकडे बघत नाहीये. नाक बघायला हवं होतंस तू, केवढं वर!… फ्रीज उघडला… शोधतेय… कपाटाकडे बघितलं. दिसल्या तिला. आणि स्टूल तिथेच आहे गं, मी जागेवर ठेवलंच नाही!… नाही… नाही, गेली पुढे. स्टुलाला हात लावला नाही.

दुधाचं पातेलं उचलतेय. पिटू, सांडेल, दोन्ही हातांनी धर!… तिला म्हटलं गं, तुला नाही. 'धरलंय' म्हणतेय, फणकाऱ्याने… पेले घेतले. दोन. दोन कशाला?… ओतलं. आता वाकून बघतेय, सारखं आलंय का ते. ह्यातलं थोडं त्यात… त्यातलं परत ह्यात… अगं बाई. ताई, दुसरा माझा आहे.

काय गं, पिटू?… काय?… ऐकलंस का, ताई? म्हणते, 'रोज साधं. पण तूपण. आणि पहिला घोट तुझा.'… हसतेस काय! चौतीस वर्षांत थेंब गेला नाही माझ्या घशाखाली… नाक दाबून? तिला दिसेल ना, तिला सगळं दिसतं!… तूच ये की इकडे पळत, पेला बदलायला…

नाही, रडत नाहीये… बरं, थोडीशी. तुला काय करायचंय?

'फोन ठेव ना गं!'… ऐकलंस? मला म्हणाली… हो गं, आले, आले. मावशी आहे फोनवर, तिला एवढंच सांगते आणि…

थांब हं, ताई. चमचा कशाला घेतला हिने?… ताई… माझ्या पेल्यातली साय काढतेय गं… हो, चमच्याने, कडेकडेने, सगळी… नाही. मी नाही सांगितलं.

ठेवते हं.