अंगठ्यांच्या खुणा नसलेला ट्रे

या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे पत्र्यावर चित्रं छापून आमचे ट्रे आणि डबे घडवून देणारे छापखानेवाले, त्यांच्या शेजारी बसून मला आत्तापासूनच मनगटावरचं घड्याळ दाखवणाऱ्या आमच्या दुकानाच्या मालकीणबाई, आजच्या सत्कारमूर्ती, पुढच्या रांगेतले त्यांचे जावई-लेक, आणि पॅकिंगपासून गल्ल्यापर्यंतची माझी सगळी भावंडं,

मालकीणबाई, ते घड्याळ मीच दुरुस्त केलंय. पाच मिनिटं मागे चालतं. तेव्हा त्याच्या हिशेबानं माझी पाच मिनिटं अजून सुरूच व्हायची आहेत.

आपलं दुकान जुन्या वळणाच्या नव्या वस्तूंचं. रेडिओसारखे दिसणारे दिवे, तबकड्यांची घड्याळं, फिरवायच्या टेलिफोनची चित्रं असलेले उशांचे अभ्रे, एनॅमलचे मग. घड्याळांच्या पोटात यंत्र बसवायचं काम माझं. आणि कालच छापून आलेली वस्तू आजच पन्नास वर्षांची करायची, हे काम आज निरोप घेणाऱ्या या बाईंचं. म्हणून त्यांचं नाव पडलं गंजताई. जावईबापू, हसू नका, हे नाव आम्ही आदरानं घेतो.

शाळेत आम्हांला कवितेच्या तासाला बाकावर बोट आपटून ठेका धरायला लावत. शब्दांचा अर्थ पुष्कळदा कळत नसे, पण ठेका चुकला की लगेच कळे. गंजताईंचं काम बघताना मला तो तास आठवायचा. मिठाचं पाणी, व्हिनेगर, चहाचा काढा, तीन नंबरचा पॉलिश पेपर, एवढंच सामान. पण नवा ट्रे हातात आला की त्या आधी नुसत्याच बसून राहायच्या. मी विचारायचो, "काय चाललंय?" तर म्हणायच्या, "काका, थांबा, घर ठरवतेय."

कारण त्यांचा नियमच होता: आधी घर, मग ओरखडा. या ट्रेच्या घरात माणसं किती? घाई कुणाला असते? गरम पातेलं कोण ठेवतं? आणि सगळ्यात शेवटी दोन्ही कडांवर अंगठ्यांच्या खुणा. "ट्रे दोन हातांनी धरतात. अंगठे घासतात तिथला रंग आधी जातो," असं त्या नव्या मुलींना शिकवायच्या. उगीचच मारलेला ओरखडा त्यांना लांबून ओळखू यायचा.

आता मी जे सांगणार आहे ते गंजताईंना आवडणार नाही. त्यांनी मान खाली घातलीच आहे. तरी सांगतो, कारण आज नाही सांगितलं तर मी पुन्हा या माईकपाशी कधी येणार?

सहा वर्षांपूर्वी मालकीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं, घरातली एखादी खरी जुनी वस्तू नमुन्याला आणा. मी आमच्या घरचा चहाचा ट्रे आणला. त्यावर स्कूटरवर बसलेली एक बाई, काळा चष्मा, वाऱ्यावर उडणारा पिवळा रुमाल. कुठल्या तरी साबणाची जाहिरात असावी. साबणाचं नाव पुसून गेलेलं. आमच्या हिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी चहा आणला की ही विचारायची, "सांगा, आज ही कुठे निघालीय?" मी म्हणायचो, कचेरीत. ही म्हणायची, "छे! तुम्हांला कचेरीपलीकडे काही सुचतच नाही. ती समुद्राकडे निघालीय." कधी समुद्र, कधी माहेर, कधी नुसतीच पेट्रोल भरायला. उन्हं भिंतीवरून उतरत असायची, आणि आम्ही दोघं त्या बाईच्या मागे बसून कुठे कुठे जाऊन यायचो. ही गेल्यावर माझ्याजवळ राहिलेलं, ज्याला हिचा हात रोज लागला होता असं, ते एकच होतं. म्हणून देताना मी दहा वेळा बजावलं, पंधरा दिवसांत परत हवा.

बारा प्रती झाल्या. गंजताईंनी आणि मुलींनी त्या जुन्या केल्या, ओळीनं मांडल्या आणि गंजताई तपासायला लागल्या. छापखान्यातून परत आलेला माझा ट्रेही कुणीतरी त्याच ओळीत ठेवला होता; गंजताईंनी तो आधी पाहिलेला नव्हता. त्यांनी तो उचलला, उलटा-सुलटा केला आणि मुलींना म्हणाल्या, "हा कुणी केलाय गं? एका कडेचा रंग पार गेलाय, दुसरी कड कोरी. पोटाखाली मधोमध पट्टा घासलाय. अंगठे कुठायत? असा ट्रे कुणी धरतं का? यात घरच दिसत नाही." आणि त्यांनी तो डाव्या, म्हणजे खोट राहिलेल्या मालाच्या रॅकवर टाकला. बारा खोटे पास झाले आणि खरा नापास! दुपारी तो अर्ध्या किमतीत विकला गेला. कुणाला, ते गल्ल्यावर कुणालाच आठवेना.

मी रागावलो का? हो, रागावलो. गंजताईंशी बोललो नाही. त्यांनी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला, मी तो गार होऊ दिला. या वयात असला हट्ट शोभतो का? नाही शोभत. पण घरी गेल्यावर ओट्यावरची ती रिकामी जागा दिसायची.

गंजताईंनी मात्र विचार त्यांच्या पद्धतीनं केला: आधी घर. डाव्या मालातला पोचे पडलेला ट्रे कोण घेईल? ज्याला दाखवायचा नाही, वापरायचा आहे, तो. रोज काम सुटलं की त्या आसपासच्या गल्ल्यांतून हिंडायच्या. किल्लीवाला, चांभार, चष्मेवाला. एकोणिसाव्या दिवशी मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या मशीनवर, खडू आणि बटणांखाली, पिवळा रुमाल दिसला.

गंजताईंनी तो दोन हातांनी उचलला, तशी बटणं घरंगळायला लागली. शिंपीणबाई ओरडल्या, "अहो, असा नाही! हातावर घ्या. तो हातावरच बसतो." गंजताईंनी डावा हात आडवा केला, कड कमरेला टेकवली. ट्रे बसला. पोटाखालचा पत्रा इतक्या वर्षांत कोपरापासून मनगटापर्यंतच्या आकाराचा वाकला होता.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. ट्रे तसाच, डाव्या हातावर. म्हणाल्या, "काका, काकूंचा उजवा हात…?"

मी मान हलवली. आजारपणानंतर तिच्या उजव्या हातात शेवटपर्यंत बळ आलं नाही. चौदा वर्षं तिनं चहा असाच आणला. दारात पाहुणे असले तरी मला उठू द्यायची नाही. "हाताचं कुणाजवळ बोलायचं नाही हं," अशी तिची ताकीद होती, आणि मी ती पाळली. आज मोडतोय. ती असती तर तिनं डोळे वटारले असते.

गंजताई एवढंच बोलल्या, "मी त्यांना खोटं ठरवलं हो, काका." मी ट्रे त्यांच्या हातावरून माझ्या हातावर घेतला. आज सांगतो: नाही हो ताई. चौदा वर्षांत तिचा हात फक्त तुम्ही वाचलात. उशिरा वाचलात, एवढंच.

पुढची गोष्ट मालकीणबाईंना ठाऊक आहे. त्या म्हणाल्या होत्या, "आता खऱ्यासारखाच करा, एका हाताचा. लोक उचलून नेतील." गंजताई म्हणाल्या, "बाई, घरं मी मनानं रचते. हे रचलेलं नाही. याची नक्कल माझ्या हातून व्हायची नाही." मालकीणबाई, तुम्ही तेव्हा आग्रह धरला नाहीत. हे मी विसरलेलो नाही.

निरोपाची भेट काय द्यावी, असं मला विचारलं गेलं. मी छापखानेवाल्यांना म्हटलं, मशीनमधून निघालेला एक कोरा ट्रे द्या. चित्र नाही, ओरखडा नाही. ताई, हा घ्या. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांची घरं रचलीत. याला व्हिनेगर नको, पॉलिश पेपर नको. लेकीकडे निघाला आहात, तिथे रोज यातून चहा न्या. नातवंडं आपटतील, जावईबापू गरम पातेलं ठेवतील. रागावू नका. वीस वर्षांनी अंगठे कुठे उमटलेत ते कुणाला तरी दिसेल.

अध्यक्षांचे आभार, त्यांनी एका ट्रेसाठी आख्खं मशीन चालवलं. शिंपीणबाई मागे बसल्या आहेत, त्यांचेही. बटणांसाठी त्यांना दुसरा ट्रे दिला, तो दोन अंगठ्यांचा आहे, आणि तो हातावर बसत नाही अशी त्यांची अजून तक्रार आहे. म्हाताऱ्याच्या बोलण्यात कुणाचा मान राहून गेला असेल, कुणाचं गुपित सांडलं असेल, तर सांभाळून घ्या.

आणि ताई, तो गार होऊ दिलेला चहा. त्याची तेवढी माफी राहिली होती.