सातवा बार

खाजा: अरे पहार सोडा की खाली. एक धोंडा हालंना इथं. झोपले का वर?

(शाळेमागची विहीर. खाजा तळाशी, चाळीस हात खाली. पंढरी आणि व्यंकटी काठावर, दोराजवळ. तिघंही दहावीतले.)

पंढरी: सोडतो, थांब. व्यंकट्या, पहार दे की. कवाचा धरून उभा हाईस.

व्यंकटी: दमानं घे. त्याला वर ये म्हण. जेवू म्हण.

पंढरी: आत्ता? अजीजचाचा जेवून येईस्तोवर तळ साफ करू, हे तूच म्हणलास. दोनची गाडी धरायची, लातूरला नव्या जिल्ह्याचा मंडप बघायचा, सकाळपासनं डोकं खाल्लास माझं.

व्यंकटी: न्हाई जायचं. काय ठेवलंय तिथं. कालपातुर उस्मानाबाद जिल्हा हुता, आज लातूर. पाऊस तवा बी न्हवता, आता बी न्हाई.

पंढरी: म्हणून तर हीर खोल करायलोत. पानी लागलं न्हाई तर हेडसर बोर्डिंग बंद करनार, ठावं हाय न्हवं? मग मी माझ्या गावाला आन् तुम्ही दोघं हितं. दे पहार.

खाजा: मी इथं उकडून मरायलोय, तुमच्या गप्पा चालल्यात व्हय?

पंढरी: व्यंकट्या, सोड हात. आन् तोंड का असं पडलंय तुझं?

व्यंकटी: हळू बोल. त्याच्या अब्बानं, चाचानं, सुरुंगाचे बार किती भरले हुते?

पंढरी: सात.

व्यंकटी: उडाले किती?

पंढरी: सात. आपन तिघांनी मोजले की. चाचाचे कान गेलेत बारानं, म्हणून तर दर टायमाला आपल्याला मोजायला उभं करतेत. एक जरी कमी उडाला तर दुसऱ्या दिशीपातुर हिरीत उतरायचं न्हाई.

व्यंकटी: सातवा मी वाजवला.

पंढरी: म्हंजे?

व्यंकटी: सहा झाले. सातवा येईना. उद्यापातुर थांबायचं म्हंजे आपन हिरीवर राखनीला, गाडी गेली, मंडप गेला. बाभळीमागं डांबराचं रिकामं टिपाड हाय न्हवं? त्याच्यावर धोंडा घातला. तुम्ही कान दाबून पालथे पडला हुता. दोघं बी 'सात' म्हणला. चाचानं विचारलं, तवा मी बी म्हणलो.

पंढरी: आन् त्याला खाली जाऊ दिलास.

व्यंकटी: मला वाटलं फुसका गेला असंल. फुसक्याला कोन भितंय.

पंढरी: फुसका न्हाई खुळ्या, तो तसाच बसलाय दगडात. त्याच्यावर पहार बसली म्हंजे? कंधारला त्याच्या मामूचे हात कशानं गेले?

व्यंकटी: म्हणून तर सोडंना मी पहार.

खाजा: ऱ्हाऊ द्या तुमची पहार. दगडानंच ठोकतो.

पंढरी: खाजा, ठोकू नको.

खाजा: का?

पंढरी: हातातला दगड ठेव. टाकू नको. ठेव, हळूच.

खाजा: साप हाय का काय?

पंढरी: न्हाई. सहाच बार उडालेत.

खाजा: चल. गणितात पस्तीस पडतेत मला, पर बार मोजताना चुकत न्हाई मी. सात झाले.

व्यंकटी: खाजा, सातवं टिपाड हुतं. मी वाजवलं.

पंढरी: खाजा? ऐकायलास का? बोल गड्या.

खाजा: बोलू नका. बघून राहिलो.

पंढरी: बघतोस काय, दोर धर आधी.

खाजा: पाय कुठं ठेवायचा ते तर बघू दे. हाय इथं. वात दिसायली.

पंढरी: कुठं?

खाजा: त्याच धोंड्याखाली. अर्धी जळून विझलीय. मघा पानी पेलो तवा ह्याच्यावरच बसलो हुतो मी.

व्यंकटी: खाजा, दोर कमरंला बांध. मी वढतो.

खाजा: तू न्हाई. पंढरी वढंल.

पंढरी: मला एकट्याला उचलायचा न्हाईस तू. त्याला धरू दे.

खाजा: धरा मग दोघं. हिसका देऊ नका. एक बी खडा खाली पडला न्हाई पाहिजे.

पंढरी: चल व्यंकट्या. हळू. अजून हळू.

व्यंकटी: तळ सुटला त्याचा. पंढरी, हात सोलायले माझे.

पंढरी: सोलू दे. बोलू नको. वढ.

खाजा: कड आली. बगलंत हात घाला.

पंढरी: आलास. आलास गड्या. लांब चल हितनं, तिकडं शाळेच्या पायरीवर बस. घे, पानी पी.

व्यंकटी: खाजा, मार मला. पायतानानं मार. चाचाला मी सांगतो, सरांना बी मीच सांगतो. शाळंतनं काढलं तर काढलं.

खाजा: कवा सांगनार हुतास?

व्यंकटी: तू उतरताना सांगायलोच हुतो. तोंडच उघडंना. चाचा काय करतील त्याचं भ्या वाटलं. मग तू खालनं गानं म्हणायलास, पाट्या भरून धाडायलास. वाटलं, काय होत न्हाई.

खाजा: तू गप हुतास तवा किती पाट्या वर आल्या?

व्यंकटी: दोन.

खाजा: तीन. मी भरल्यात.

व्यंकटी: हाव. तीन.

पंढरी: मी चाचाला घेऊन येतो. तवर हिरीकडं कुनाला येऊ द्यायचं न्हाई. व्यंकट्या, तू चल माझ्यासंगट. त्याच्या डोळ्यांपुढं थांबू नको.

खाजा: त्याला ऱ्हाऊ दे हितं. एकट्याला बसवंना मला.